दोन आण्यांचा सेस आणि इंदूरचा उकिरडा



इथे बडोद्याची मंडळी सयाजीरावांच्या शिष्यवृत्त्यांबद्दल आणि कलाभवनाबद्दल लिहितात, बेळगावकर आपल्या शाळा-वाचनालयांबद्दल लिहितात. आम्ही इंदूरकर मात्र लिहायला बसलो की सराफ्यावरून सुरू होतो आणि पोहे-जिलेबीवर संपतो. खाण्याचं कौतुक मलाही आहे, पण आज विषय जरा वेगळा घेतोय. उकिरड्याचा! नाक मुरडू नका. जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत इंदूरचं नाव ज्या एका गोष्टीमुळे छापलं गेलं ती म्हणजे 'इंदूर पद्धत', म्हणजे कंपोस्ट खत करायची रीत. केनियाचे कॉफीमळेवाले, आसाम-सिलोनचे चहामळेवाले, इंग्लंड-अमेरिकेतले सेंद्रिय शेतीवाले, या सगळ्यांना 'इंदूर' हा शब्द आधी खतामुळे ठाऊक झाला. स्वच्छतेत पहिला नंबर वगैरे सगळं फार नंतरचं.

मी कॉमर्सचा माणूस. रसायनशास्त्र शाळेत जेवढं झालं तेवढंच. पण बँकेतली बरीच वर्षं माळव्यात कृषी कर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळे या गोष्टीकडे मी हिशेबाच्या बाजूनं बघतो. एका मध्यम आकाराच्या संस्थानात, जिथे ना समुद्र ना मोठं विद्यापीठ, तिथे जगाच्या तोडीचं संशोधन उभं राहिलं. त्याला पैसा कोणी दिला, कसा दिला आणि त्याचं पुढे काय झालं, हा माझ्या कुतूहलाचा विषय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९०५ साली बिहारमध्ये पुसा इथे सरकारनं मोठी शेती संशोधन संस्था काढली. त्याला हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकानं लॉर्ड कर्झनकडे ३०,००० पौंडांची देणगी दिली होती. त्याच साली तिथे आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रुजू झाला. त्याची बायको गॅब्रिएल ही केंब्रिजमध्ये संशोधन केलेली बाई, आणि ती नुसती 'साहेबाची मेमसाहेब' नव्हती. तिची स्वतंत्र सरकारी नेमणूक झाली होती आणि दोघांच्या नावानं शोधनिबंध निघत. पुसाचे सुधारलेले गहू हे या जोडप्याचं काम.

पण पुसामध्ये हॉवर्डचं मन रमेना. कारण तिथली वाटणी. वनस्पतिशास्त्र एका खोलीत, रसायन दुसऱ्या, किडी तिसऱ्या आणि बुरशी चौथ्या. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र पीक, माती, पाणी, बैल, कीड सगळं एकत्रच नांदतं. हॉवर्डचं म्हणणं असं की एकाच माणसाला पिकाचा माग बियाण्यापासून बाजारापर्यंत घेता आला पाहिजे, आणि आधी शेतकरी काय करतो ते नीट बघितलं पाहिजे. शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असं तो म्हणत असे. सरकारी खात्यात असं बोलणाऱ्याला काय वागणूक मिळते ते नोकरी केलेल्या मंडळींना सांगायला नको. त्याला नवी जागा हवी होती, आणि नव्या जागेला पैसा हवा होता.

पैसा आला कापसातून.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानच्या कापसाचा दर्जा, भेसळ आणि आखूड धागा यांवर बरीच चौकशी झाली, आणि त्यातून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी निघाली. १९२३ च्या कायद्यानं तिला स्वतःचं उत्पन्न मिळालं, ते सेसचं. ४०० रत्तलाची एक गासडी, मग ती परदेशी जाणारी असो की इथल्या गिरणीत लागणारी, तिच्यामागे पहिली तीन वर्षं चार आणे आणि पुढे दोन आणे. आता हा हिशेब करून बघा. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. एका गासडीमागे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही एवढी रक्कम. पण लाख गासड्यांमागे साडेबारा हजार, दहा लाखांमागे सव्वा लाख. आणि पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. कोणा धनिकाची मर्जी नको आणि दरवर्षी बजेटमध्ये हात पसरायला नको. या सेसमधूनच मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची तंत्रप्रयोगशाळा निघाली, जिथे नव्या वाणाचं सूत कातून तो कितपत उतरतो ते पाहिलं जाई. आणि याच पैशातून इंदूरच्या संस्थेला मुख्य आधार मिळाला.

संस्थेचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री, स्थापना १९२४. गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर. दरबारानं सुमारे ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्यानं, नाममात्र भाड्यावर दिली. कापूस कमिटीनं अनुदान दिलं. आणि तिसरी बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मध्य भारतातली लहान-मोठी संस्थानं दरवर्षी वर्गणी भरून या संस्थेची सभासद झाली. बदल्यात संस्थेचा संचालक त्यांचा शेती सल्लागार झाला. हॉवर्डचा हुद्दाच तसा लिहिला जाई, संचालक आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा कृषी सल्लागार. ज्या संस्थानाला एक शास्त्रज्ञ पोसणं परवडलं नसतं त्याला वर्गणीच्या रकमेत पूर्ण प्रयोगशाळेचा सल्ला मिळू लागला. वर शिकायला माणसं पाठवायची सोय.

कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही आधी दोन गोष्टी बघायचो. भांडवली खर्च कोण करणार, आणि रोजचा खर्च कुठून निघणार. इमारत बांधायला पैसे मिळतात, फीत कापायला पाहुणेही मिळतात. तीन वर्षांनी वीजबिल कोण भरणार यावर मात्र सगळे गप्प. इंदूरच्या संस्थेत जमीन एकाची, चालू खर्च दुसऱ्याचा, वर्गणी अनेकांची, आणि कारभार पैसे देणाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या मंडळाकडे. कोणा एकाचं मन बदललं तरी सगळं कोसळणार नाही अशी ही रचना. तिची परीक्षाही लगेच झाली. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि यशवंतराव लहान वयात गादीवर आले. राजवाड्यात एवढी उलथापालथ झाली, पण तिकडे शेतावर पेरणी वेळेवर होत राहिली.

आता उकिरड्याकडे येतो.

काम मुळात कापसाचं होतं. पण हॉवर्डनं माळव्याची काळी माती बघितली आणि ठरवलं की नुसतं वाण सुधारून भागणार नाही. पावसाळ्यात ही माती पाणी धरून बसते, तिच्यात हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. चांगलं बियाणं वाईट मातीत टाकणं म्हणजे बुडीत खात्यात नवं कर्ज घालण्यासारखं. म्हणून आधी जादा पाण्याचा निचरा, आणि मग मातीत सेंद्रिय अंश. तो आणायचा कुठून? शेण तर गोवऱ्या थापून चुलीत जाळलं जातं. लाकूडफाटा नसलेल्या घरानं दुसरं काय करावं? म्हणजे शेण थोडंच मिळणार हे धरून, थोड्या शेणात पुष्कळ खत कसं करता येईल, असा प्रश्न त्यांनी घेतला. प्रश्न असा बरोबर मांडला तिथेच अर्धं काम झालं असं मला वाटतं. 'शेण जाळू नका' असं शेतकऱ्याला सांगणारे साहेब मी नोकरीत भरपूर पाहिले. बदल्यात सरपण देणारा एकही नाही.

चीनमध्ये शेकडो वर्षं काडीकचरा कुजवून जमीन टिकवली होती आणि त्यावर किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं १९११ सालचं पुस्तक होतं. ते हॉवर्डच्या वाचनात आलेलं होतं. आपल्या शेतकऱ्याचा उकिरडा तर समोरच होता. इंदूरला त्यांनी या दोन्हीला मोजमाप दिलं. रीत थोडक्यात अशी. शेतातला सगळा काडीकचरा गोळा करायचा, तण, पालापाचोळा, भुसा, काहीच टाकायचं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या कडक, त्या लवकर कुजत नाहीत. मग त्या शेतातल्या गाडीरस्त्यावर पसरून ठेवायच्या. जाता-येता बैलगाडीच्या चाकांखाली त्या चिरडल्या जातात. यंत्र नको, वेगळी मजुरी नको. मग हा चुरा बैलांखाली अंथरायचा. गोठ्याची जमीन मातीची, त्यात मुरलेल्या गोमूत्राची माती खणून तीही वापरायची. त्यात शेणकाला, थोडी राख आणि जुन्या खड्ड्यातलं थोडं खत विरजणासारखं. उथळ खड्ड्यात थर द्यायचे, पाणी शिंपायचं, तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ करायची. पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरतात म्हणून जमिनीवर ढीग करायचे. तीन महिन्यांनी काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या.

यात नवल काय, आमची आजी हेच करायची, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण आजीचं खत कधी जमायचं, कधी बिघडायचं. इथे कोणी तरी रोज खड्ड्याचं तापमान घेतलं, किती ओल लागते ते ठरवलं, कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण मोजलं. सुरुवातीच्या मिश्रणात ते साधारण ३३ ला १ असलं तर कुजण्याची क्रिया नीट चालते आणि तयार खतात ते १० ला १ च्या आसपास येतं, हे प्रयोगशाळेत सिद्ध केलं. आजीच्या हाताचा गुण असा लिहून काढला की कोस्टारिकातल्या माणसालाही तो वाचून खत करता यावं.

हे मोजणारा 'कोणी तरी' कोण होता? इथेच आपल्या मराठी मंडळींनी कान टवकारावेत. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक छापलं. इंदूर पद्धतीचं मूळ पुस्तक ते हेच. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते. हॉवर्ड १९३१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला, त्यानंतर नवे संचालक जॅक्सन यांच्याबरोबर वाडांनी हीच पद्धत गावाच्या आणि वस्तीच्या घाणीवर वापरायचं काम पुढे नेलं. त्यावरही दोघांच्या नावानं पुस्तिका निघाली, १९३४ साली. हॉवर्डला त्याच साली 'सर' किताब मिळाला. १९४० मध्ये त्याचं 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं, अमेरिकेत रोडेलनं त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, आणि हॉवर्ड सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून जगभर गाजला. वाडांचं नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर राहिलं ते राहिलंच.

हॉवर्डनं श्रेय लाटलं असं मी मुळीच म्हणत नाही. उलट त्या काळात गोऱ्या संचालकानं देशी साहाय्यकाचं नाव मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी घातलं, हे त्याच्या खात्यावर जमेला धरावं. चूक कोणाची असेल तर आपली. शिंदे-होळकर, मल्हारराव-अहिल्याबाई आपल्याला मुखोद्गत आहेत, पण रोज सकाळी खड्ड्यात तापमापक घालणारा मराठी माणूस आपल्या कुठल्याच स्मरणिकेत नाही. किमान माझ्या पाहण्यात तरी नाही. गॅब्रिएलबाईंचंही तसंच. १९२९ मध्ये इंदूरच्या कामावर नवराबायकोचं मिळून एक पुस्तक आलं आणि १९३० मध्ये त्या वारल्या. इंदूर पद्धत जगात गाजलेली त्यांनी बघितली नाही.

एक गोष्ट मजुरांबद्दल. या संस्थेत मजुरांना दिवसाला सहा तास काम, मजुरी वेळच्या वेळी, राहायला घर आणि औषधपाणी होतं. हॉवर्डचं मत असं की शेतीच्या प्रयोगात माणूस हाही एक घटक आहे, तो दमलेला किंवा आजारी असेल तर प्रयोगाचे आकडेही खोटे येतील. १९२० च्या दशकात, गिरण्यांच्या गावात, हा विचार लहान नव्हता.

आता पैशाची दुसरी बाजू. पैसा कापसाचा होता आणि काम मातीपर्यंत गेलं. पैसे देणाऱ्यांपैकी काहींना ते साहजिकच खटकत असणार. आजच्या ऑडिटरनं तर पहिल्याच पानावर शेरा मारला असता की मंजूर रक्कम मंजूर कामासाठी वापरलेली दिसत नाही. मीसुद्धा आयुष्यभर हेच तपासत आलो, ट्रॅक्टरच्या कर्जात ट्रॅक्टरच घेतला ना, लग्न तर नाही उरकलं? बँकेला ते योग्यच आहे. पण संशोधनाचा पैसा आणि ट्रॅक्टरचं कर्ज यांत फरक आहे. ट्रॅक्टर काय करणार ते आधी ठाऊक असतं. संशोधनात काय सापडेल ते ठाऊक असतं तर संशोधन कशाला केलं असतं? दोरी अगदी आखूड बांधली असती तर कपाशीची एक-दोन नवी वाणं मिळाली असती, कंपोस्ट मिळालं नसतं. आणि दोरीच बांधली नसती तर कापूसवाल्यांनी दुसऱ्या वर्षी सेस द्यायला कुरकुर केली असती. इंदूरला दोरी होती पण बरीच लांब होती, एवढं म्हणता येईल.

आणि कापसाचं काम बुडालं नाही, हेही सांगायला हवं. १९३३ ते १९३७ या काळात हचिन्सन हा पुढे फार नावाजलेला आनुवंशशास्त्रज्ञ इंदूरला होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे होते. वाणांची तुलना करायची तर एका वाफ्यातलं पीक दुसऱ्यापेक्षा जास्त आलं म्हणून भागत नाही, तो फरक वाणामुळे आहे की जमिनीच्या चढउतारामुळे, हे संख्याशास्त्रानं ठरवावं लागतं. हे शास्त्र इंदूरच्या शेतावर रुजवण्यात पानशांचा मोठा वाटा. स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे संख्याशास्त्र सल्लागार झाले. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे आणि पानसे या दोघांचं १९५४ सालचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यांनी वापरलं आहे. शेतातला ठरावीक मापाचा तुकडा निवडून कापायचा, तोलायचा आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पन्न काढायचं, ही पीककापणी प्रयोगांची रीत या देशात बसवण्यात याच दोघांचं नाव घेतात. पीकविम्याची भरपाई ज्या आकड्यावर ठरत आली तो आकडा याच रीतीनं येत असे. दुष्काळी वर्षात तलाठ्याच्या (आमच्याकडे पटवारी म्हणतात) मागे उभं राहून ही कापणी मी अनेकदा पाहिली आहे. ज्या शास्त्रावर शेतकऱ्याचं पोट अवलंबून आहे त्याचा एक धागा पिपल्याहाण्याच्या बाजूच्या त्या शेतापर्यंत जातो, हे तेव्हा तिथे कोणाला माहीत असणार!

गांधीजी एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा ही संस्था मुद्दाम बघून गेले, आणि त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये या खताबद्दल लिहिलं गेलं. गांधीविचारातले एक शेतकरी कार्यकर्ते, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, यांनी पुढे खतासाठी विटांचं भोकं ठेवलेलं टाकं बसवलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'नाडेप' म्हणतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत मध्य प्रदेशात गावोगाव नाडेप टाकी झाली. अनुदान होतं म्हणून काही नुसतीच बांधली गेली, त्यांत पुढे कोंबड्या बसत. पण जी खरोखर भरली गेली त्यांनी शेतं सुधारली. माझ्या भागातला एक म्हातारा पाटीदार म्हणायचा, "साहब, खाद की टंकी और बँक की पासबुक, दोनों में डालते रहो तो ही निकलेगा." त्याच्या पासबुकात फार नसायचं, टाकं मात्र भरलेलं.

पुढचं थोडक्यात. संस्थानं विलीन झाली, वर्गणीदार संपले. १९५९ मध्ये त्याच आवारात कृषी महाविद्यालय आलं, ते आधी जबलपूरच्या आणि आता ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाखाली आहे. कापूस कमिटी १९६० च्या दशकात बंद होऊन तिचं काम परिषदेत विलीन झालं. पण भागीदारीची सवय या मातीत राहिली असं दिसतं. १९७० मध्ये कॅनडाच्या मदतीनं कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला, त्याचं एक केंद्र इंदूर. जबलपूरच्या विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर सोयाबीनवर काम केलं आणि माळव्यात पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन सोयाबीननं हिरवी झाली. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरलाच निघालं. लेझर आणि कणत्वरकांचं मोठं केंद्र १९८४ पासून आहे, आयआयटी २००९ पासून. १८९१ चं होळकर कॉलेज तर आपल्यातल्या कितीतरी जणांचं माहेर.

आणि २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेऊन गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू झाला. आमच्या घरून सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीत ओला कचरा वेगळा टाकताना मला दरवेळी वाडांची आठवण येते. बायको म्हणते, "कचरा टाका आणि आत या, लोक बघताहेत."

एक काळजीही सांगतो. जी जमीन १९२४ मध्ये गावाबाहेर होती ती आज शहराच्या मधोमध आली आहे. तिच्यावर दुसऱ्याच योजना आणायच्या बातम्या मधूनमधून येतात, विद्यार्थी आंदोलनाला बसतात, मग काही दिवस शांत होतं. जागेचा बाजारभाव कोणीही सांगेल. पण मातीच्या प्रयोगाचं भांडवल म्हणजे त्याची सलग वर्षं. एकाच तुकड्यावर चाळीस-पन्नास वर्षं नोंद ठेवली तर ती नोंद दुसरीकडे हलवता येत नाही. शहराबाहेर दुप्पट जमीन दिली तरी तिथे घड्याळ शून्यापासून सुरू होणार. मुदत ठेव मधेच मोडली तर व्याज जातं हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही कळतं, हेही तेच आहे. ९९ वर्षांचा पट्टा देणाऱ्या दरबाराला ते कळलं होतं.

राज्यात संशोधन वाढवायचं म्हणून आज मोठमोठ्या रकमा जाहीर होतात, चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की रक्कम लहान असली तरी चालेल, ती दरवर्षी आली पाहिजे. ज्यांचा फायदा त्यांचा थोडा वाटा असला पाहिजे. एकट्याच्या खांद्यावर ओझं नको. चांगल्या माणसाला लांब दोरी हवी. आणि साहाय्यकाचं नाव पुस्तकावर हवं. इंदूरला हे पाचही काही काळ एकत्र जमले, म्हणून एवढं झालं.

आता एक विनंती. इंदूर, देवास, धार, रतलाम, उज्जैनकडच्या मराठी घरांत कोणाचे आजोबा-पणजोबा या संस्थेत रसायनशाळेत, शेतावर किंवा हिशेबखात्यात असतील तर ट्रंका उघडून बघा. एखादा ग्रुप फोटो, नेमणुकीचं पत्र, जुना अहवाल, खड्ड्यांच्या नोंदींची वही, काहीही. रद्दीत देऊ नका. वाडांच्या किंवा पानशांच्या नात्यातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी अवश्य लिहावं. मी स्कॅन करून द्यायला तयार आहे, गरज पडली तर घरी येऊन.

चहा मात्र तुमच्याकडे. 🙏